१५०० मीटर पोहताना निम्म्यातच दम जातो, पाय बुडतात. १२ आठवड्यांत काय सुधारता येईल?

धापाधाप:

नमस्कार मंडळी,

ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनची तयारी चालू आहे (१५०० मीटर पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं). हातात १२ आठवडे आहेत. सायकल आणि धावणं जमतंय, घोडं पेंड खातंय ते पाण्यात. माहिती एकदमच देतो, म्हणजे विचारत बसावं लागणार नाही.

- २५ मीटरचा पूल, फ्रीस्टाइल. श्वास फक्त उजवीकडून, दर दोन हातांनी.
- ४०० मीटर सलग १० मिनिटं २० सेकंद. शंभर-शंभरचे तुकडे: २:१४, २:३३, २:४४, २:४९.
- १५०० मीटर सलग सुमारे ४३ मिनिटं.
- २५ मीटरला २८ हात पडतात (दोन्ही हात धरून), वेळ साधारण ३८ सेकंद.
- पायांत पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता फोमचा तुकडा) धरला की शंभराला सरळ १२ सेकंद वाचतात.
- किकबोर्ड (हातांत धरायची तरंगती फळी) धरून नुसते पाय मारले तर जागचा हलत नाही.
- आठवड्यातून तीनदा, दर वेळी ५० मिनिटं पोहता येतं.

प्रश्न असे. आधी दम वाढवायचा की तंत्र सुधारायचं? ड्रिल (तंत्राचा एकेक भाग घोटायचे छोटे सराव) ढिगाने आहेत, त्यातले माझ्या कामाचे कुठले? सध्या दर वेळी १५०० सलग पोहून बाहेर येतो, ते बरोबर आहे का? आणि वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) घातला की पाय आपोआप वर येतात म्हणतात, मग पायांच्या मागे लागायचं तरी का?

---

सपाटपाणी:

अर्धं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. ज्याला ४० किमी सायकल मारून वर १० किमी धावता येतं त्याला ४०० मीटरमध्ये धाप लागते, ती दम कमी आहे म्हणून नव्हे. पुल बॉयने १२ सेकंद वाचतात याचा अर्थ हातांची बरीचशी ताकद पाय ओढून नेण्यात खर्च होते आहे. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि अंगाचा जेवढा भाग पाण्याला आडवा भिडतो त्यावरही ठरतो. मांड्या तिरक्या खाली लोंबत असतील तर दम वाढवून दोन-चार सेकंद मिळतील, अंग सपाट करून दहा-बारा.

पाय बुडण्याची कारणं मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने लिहितो. बहुतेकजण सुरुवात पायांपासून करतात आणि तिथेच फसतात.

पहिला संशय श्वासावर. चेहरा पाण्यात असताना हवा कोंडून धरायची आणि तोंड बाहेर आल्यावर सोडून पुन्हा घ्यायची, ही सर्रास दिसणारी सवय. तोंड बाहेर असतं जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. तेवढ्यात सोडणं आणि घेणं दोन्ही होत नाही. जुनी हवा आत राहते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि जीव घाबरा होतो. ती घालमेल प्राणवायू संपल्याची नसते, आतली हवा बाहेर न गेल्याची असते. शिवाय गच्च भरलेली छाती वर उचलली जाते आणि कंबर तेवढीच खाली जाते.

तपासायला सोपं आहे. छातीएवढ्या पाण्यात, जवळ कुणीतरी उभं असताना, नाका-तोंडाने सगळी हवा सोडत खाली बसा. हवा खरंच सुटत असेल तर बहुतेकजण सावकाश तळाकडे जातात. वर तरंगत राहिलात तर कुठेतरी अडवताय. पोहताना चेहरा पाण्यात गेला त्या क्षणापासून नाकातून हुंकार दिल्यासारखे बारीक, सतत बुडबुडे सोडा. तोंड वर येण्याच्या जरा आधी उरलेली हवा जोरात बाहेर टाका. मग वर आल्यावर फक्त घ्यायचं काम उरतं.

दुसरं डोकं. नजर तळाकडे, फार तर मीटरभर पुढे. पाणी माथ्याला लागलं पाहिजे, कपाळाला नाही. श्वासासाठी डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर फिरवायचं. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. वेगात डोक्यापुढे लाट तयार होते आणि गालापाशी पाण्याची पातळी थोडी खाली जाते, तोंडाचा कोपरा तिथे आला की पुरतं. हनुवटी वर काढून श्वास घेणाऱ्याची कंबर दर श्वासाला बुडते. तुमच्या बाबतीत म्हणजे दर दोन हातांना.

तिसरं, पुढचा हात. उजवीकडे श्वास घेताना पुढे ताणलेल्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवा. डोकं वर तोलून धरण्यासाठी तो सरळ खाली दाबला जात असेल तर श्वास संपेपर्यंत तो मांडीपाशी गेलेला असतो आणि डाव्या हाताने पाणी ओढलंच जात नाही. दुसरा बिघाड असा की हात डोक्यासमोर, मधल्या रेषेच्या पलीकडे पडतो. मग अंग सापासारखं वळतं आणि तोल सावरायला पाय कात्रीसारखे फाकतात. कात्री उघडली की ब्रेक लागलाच. हात खांद्याच्या रेषेत पडला पाहिजे. ज्याला मध्ये टाकायची सवय आहे त्याला ही जागा भलतीच रुंद वाटते, वाटू द्या.

पाय सगळ्यात शेवटी. किकबोर्डवर जागचे हलत नाही याचं कारण बहुधा घोटा. धावणाऱ्यांचे घोटे ताठ असतात, पाऊल मागे ताणलं जात नाही आणि पाण्यात आकड्यासारखं उभं राहतं. वज्रासनात ३०-४० सेकंद, तीन वेळा, रोज. गुडघा दुखत असेल तर टाचा आणि बैठकीच्या मध्ये उशी घ्या, तरीही दुखलं तर सोडून द्या. दुसरं कारण गुडघ्यातून सायकलसारखं पाय मारणं. हालचाल कमरेच्या सांध्यातून, गुडघा सैल, पावलांचे अंगठे एकमेकांना चाटून जातील इतके जवळ. ट्रायथलॉनमध्ये पायांनी वेग आणायचा नसतो, ते फक्त वर राहिले पाहिजेत. मांड्या पुढे सायकलला लागणार आहेत.

ड्रिल तीनच करा.

कुशीवर किक, छोट्या फिन्स (पावलांत घालायचे रबरी पंख) घालून. खालचा हात पुढे लांब, पाण्याखाली वीतभर, तळवा तळाकडे. वरचा हात मांडीवर. नजर खाली, श्वासापुरतं डोकं फिरवायचं. २५ मीटर एका कुशीवर, परत येताना दुसऱ्या. उजव्या कुशीवर नाकातोंडात पाणी गेलं तर घाबरू नका, एकाच बाजूने श्वास घेणाऱ्यांचं हे होतंच.

६-१-६. कुशीवर सहा किक, एक हात मारून कूस बदला, पुन्हा सहा किक. हाही फिन्स घालूनच.

स्कलिंग. पुल बॉय पायांत, हात पुढे, कोपर वर आणि स्थिर, कोपरापासून पुढचा हात आत-बाहेर, पाणी बोटांनी चाचपडत. वेग जवळजवळ शून्य असतो, म्हणून लोक कंटाळून सोडतात. पण पाणी हाताला लागतं म्हणजे काय, ते यातूनच कळतं.

एका फेरीत एकच गोष्ट डोक्यात ठेवा. श्वास, कोपर, घोटा सगळं एकदम आठवत पोहलं की काहीच होत नाही. आणि बाजूने व समोरून मोबाइलवर चित्रण करून घ्या. एक ताजेतवाने असताना, एक ३०० मीटर झाल्यावर. पहिल्यात सगळ्यांचंच बरं दिसतं, दोष दुसऱ्यात सापडतात.

---

बेडूकउडी:

सपाटपाणी यांच्याशी सहमत. त्यात भर म्हणून दर ५, मग ७, मग ९ हातांनी श्वास घेण्याचा सराव करा, फुप्फुसांची क्षमता वाढते. पाण्याखालून एका दमात २५ मीटर जायचाही सराव चांगला.

---

घड्याळवाला:

बेडूकउडी, हे करू नका आणि दुसऱ्याला सांगू तर अजिबात नका. श्वास रोखून पोहल्याने फुप्फुसं मोठी होत नाहीत. श्वासाची निकड कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे जाणवते. आधी भराभर खोल श्वास घेतले की तो धुऊन निघतो, निकड उशिरा जाणवते, आणि प्राणवायू त्याआधीच इतका घसरू शकतो की पाण्याखाली अचानक शुद्ध जाते. चांगले पोहणारेही असे गेले आहेत. धापाधाप यांचा तर मूळ त्रासच हवा कोंडण्याचा आहे. त्यांनी एक लेंथ (पुलाची एक लांबी) उजवीकडून, एक डावीकडून असा सराव करावा. स्पर्धेत दर दोन हातांनी श्वास घेतला तरी चालतो, पण लाट किंवा ऊन उजवीकडून आलं तर डावी बाजू यायला हवी.

आता सरावाचं. दर वेळी १५०० सलग पोहणं आजपासून बंद. तुमचे तुकडे पाहा, पहिलं शतक २:१४ आणि चौथं २:४९. ३५ सेकंदांची घसरण. पहिल्या शतकात उधळता आणि उरलेलं अंतर त्याचं कर्ज फेडता. आणि १५०० सलग म्हणजे पहिली दोनशे मीटर बऱ्यापैकी, पुढची तेराशे थकलेल्या, बिघडलेल्या हातांनी. अंगवळणी पडतं ते हेच बिघडलेलं. तेवढंच अंतर तुकड्यांत, मध्ये थोडी विश्रांती घेऊन पोहलं तर प्रत्येक तुकडा नीट होतो.

त्यासाठी आपला टिकाऊ वेग माहीत पाहिजे, ज्याला सीएसएस (क्रिटिकल स्विम स्पीड) म्हणतात. नीट अंग गरम करा, मग ४०० मीटर जोर लावून पण एकसारख्या गतीने. आठ-दहा मिनिटं हलकं पोहा. मग २०० मीटर जोरात. दोन्ही भिंत ढकलून सुरू करा, उडी मारून नाही. ४०० च्या वेळेतून २०० ची वेळ वजा करा, दोनाने भागा, शंभर मीटरचा वेग मिळतो. समजा ४०० ला ९:५२ आणि २०० ला ४:४४ लागले. फरक ५:०८, म्हणजे ३०८ सेकंद, त्याचे निम्मे १५४. वेग २:३४. पहिलं शतक उधळलंत तर हा हिशेब खोटा येतो, म्हणून आधी एकसारखं पोहायला शिका. पहिलं शतक तुम्हाला लाज वाटेल इतकं सावकाश वाटलं पाहिजे.

तीन सत्रांची मांडणी, वेग २:३४ धरून:

पहिलं सत्र, तंत्र. २०० सावकाश. ८ × ५० (पन्नास मीटर आठ वेळा), त्यात २५ ड्रिल आणि २५ पूर्ण स्ट्रोक, मध्ये २० सेकंद. मग १२ × ५० आरामशीर, प्रत्येकाला हात मोजायचे. शेवटी १०० सावकाश.

दुसरं सत्र, वेग. २०० सावकाश, ४ × ५० ड्रिल. मग १० × १००, प्रत्येक २:३४ ला, मध्ये २० सेकंद. १०० सावकाश.

तिसरं सत्र, लांब. २०० सावकाश. ३ × ४००, शंभराला २:४० च्या गतीने, मध्ये ४५ सेकंद. १०० सावकाश.

पहिले तीन आठवडे दुसऱ्या सत्रातही निम्मा वेळ ड्रिलला द्या. श्वास बसायच्या आधी वेग लावला तर सपाटपाणींनी लिहिलेलं सगळं धुऊन जाईल. चौथ्या आठवड्यात पुन्हा चाचणी, नवा वेग. पाचव्यापासून विश्रांती २० वरून १५ सेकंद. पुढे १२ × १००, त्यानंतर ५ × २०० (मध्ये ३० सेकंद), आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात ३ × ४०० याच वेगाने. आठव्या आठवड्यात आणखी एक चाचणी. १५०० सलग फक्त दोनदा पोहा, सातव्या आणि दहाव्या आठवड्यात. शेवटच्या आठ-दहा दिवसांत अंतर साधारण ४० टक्क्यांनी कमी करा, पण ६ × ५० स्पर्धेच्या वेगाने चालू ठेवा. वेग पूर्ण सोडला की हात सुस्त होतात.

कुठे थांबायचं तेही लिहितो. दहातलं शेवटचं शतक पहिल्यापेक्षा ३ सेकंदांहून जास्त हळू झालं तर लावलेला वेग तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे, २ सेकंद सैल करा. २५ मीटरचे हात दोनाने वाढले तर घड्याळ काहीही सांगो, तंत्र मोडलंय. २० सेकंद जास्त थांबा आणि मग पुढचं करा. मनगटावरचं घड्याळ हात आणि सेकंद मिळवून स्वोल्फ दाखवतं. तो आकडा स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडा, दुसऱ्याच्या नाही. उंची आणि हातांची लांबी यावर तो फार बदलतो.

आणखी एक: तीनदा ५० मिनिटं मिळत असतील आणि चौथ्यांदा २५ मिनिटंच मिळणार असतील तरी ती घ्या, नुसती ड्रिल करा. पाण्याची जाण लवकर जाते. चौथी छोटी खेप एखादं सत्र दीड तासाचं करण्यापेक्षा जास्त देते.

---

धापाधाप:

सगळ्यांचे आभार. चित्रण पाहिलं, डावा हात खाली दाबला जातोय आणि उजवा मधली रेष ओलांडतोय. पाय फाकतात तेही त्याच क्षणी.

दोन शंका. एक, कॅच-अप ड्रिल (एक हात पुढे थांबवून दुसरा येऊन टेकला की मगच ओढायचं) अनेकजण सुचवतात, ते या यादीत का नाही? दोन, उजव्या खांद्याच्या पुढच्या भागात पॅडल (तळव्याला बांधायच्या प्लॅस्टिकच्या चकत्या) घालून पोहल्यावर दुखतं. पॅडल तळव्यापेक्षा मोठी आहेत. ताकद वाढवायला तीच चांगली ना?

---

सपाटपाणी:

कॅच-अपचा फायदा आहे. पुढचा हात घाईने खाली सोडण्याची सवय मोडते, आणि तुमची नेमकी तीच अडचण आहे. पन्नास मीटरच्या दोन-तीन फेऱ्या करायला माझी हरकत नाही. फक्त हात हाताला टेकवू नका, खांद्याइतकं अंतर ठेवा. टेकवलात तर मधली रेष ओलांडण्याची सवय आणखी पक्की होईल.

---

घड्याळवाला:

इथे माझं मत वेगळं. २५ मीटरच्या ३८ सेकंदांतले भिंत ढकलल्याचे ५ वजा केले तर ३३ सेकंदांत २८ हात होतात, म्हणजे मिनिटाला ५१. ही गती आधीच संथ आहे. कॅच-अपने पुढे थांबायची सवय लागते, आणि त्या थांबण्यात वेग मरतो. मग दर हाताला अंगाला नव्याने ढकलायचं. लांब सरकणं पोहण्यात मुरलेल्याला शोभतं. पाय बुडणाऱ्या माणसाने पुढे थांबलं की पाय आणखी बुडतात, वर पुढचा तळवा समोर दाखवून ब्रेक लागतो तो निराळाच. साठच्या पुढे गती असलेल्या, हात नुसते गरगर फिरवणाऱ्याला मी कॅच-अप देईन. यांना ६-१-६ पुरे, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यापासून टोपीत अडकवायचं ठोके देणारं यंत्र लावून मिनिटाला ५४, मग ५६ हात. एका वेळी दोनच वाढवा. गती वाढल्यावर वेळ तीच आणि दम जास्त, असं झालं तर पाणी निसटतंय. मागे या, स्कलिंग करा.

---

सपाटपाणी:

गतीचा हिशेब मी केला नव्हता. ५१ असेल तर मीही नको म्हणेन. त्याऐवजी मूठ आवळून २५, हात उघडून २५ करा. मुठीने पोहताना कोपर खाली पडलं तर अंग पुढे सरकतच नाही, त्यामुळे कोपर वर ठेवून पूर्ण पुढच्या हाताने पाणी ढकलणं आपसूक जमायला लागतं.

---

सांधाजोड:

खांद्याबद्दल. मोठी पॅडल आजच बाजूला ठेवा. पॅडल ताकद नंतर वाढवतं, आधी चुकीच्या हालचालीवरचं ओझं वाढवतं. पुढच्या बाजूचं दुखणं बहुधा दोन गोष्टींतून येतं: अंगठा आधी पाण्यात घालणं आणि मधली रेष ओलांडणं. दोन्हीत दंड आत वळलेला असताना त्यावर भार येतो आणि खांद्यातले स्नायुबंध चिमटले जातात. तुमचा उजवा हात रेष ओलांडतो आणि दुखतोही उजवाच.

हात पाण्यात मधलं बोट आधी, तळवा तळाकडे, मनगटापेक्षा बोटं किंचित खाली, कोपर मनगटापेक्षा वर. ओढताना सरळ ताठ हाताने खाली दाबू नका, आधी बोटं तळाकडे वळवा, मग मागे ढकला. अंग दोन्ही बाजूंना ३०-४५ अंश वळलं पाहिजे. उजवीकडूनच श्वास घेणारे डावीकडे जेमतेम वळतात, मग डावा हात सपाट अंगावरून खांद्याच्या जोरावर फेकून पुढे आणावा लागतो.

पाण्याबाहेर रबरी पट्टा घ्या. कोपर बरगडीला टेकवून, मधे घडी केलेला टॉवेल धरून, हात बाहेर वळवायचा: १५ चे दोन संच, आठवड्यात तीनदा. आणि पट्टा दाराला अडकवून मागे ओढत दोन्ही पाठफळ्या जवळ आणायच्या, तेही तेवढेच. दोन आठवडे पॅडलशिवाय पोहूनही दुखलं, किंवा रात्री त्या कुशीवर झोपता आलं नाही, तर पोहणं थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा. पुन्हा पॅडल घ्यायचंच झालं तर बोटांपुरतं छोटं घ्या, मनगटाचा पट्टा न लावता. हात चुकीचा पडला की ते सुटून येतं आणि चूक तिथल्या तिथे कळते.

---

बोयाकडे:

पुलाचं छान चाललंय, पण स्पर्धा पुलात नाही. २५ मीटरच्या पुलात १५०० पोहताना ५९ वेळा भिंत मिळते, म्हणजे तेवढे धक्के आणि तेवढ्याच वेळा हातांना क्षणभर विसावा. खुल्या पाण्यात तो नाही. त्यामुळे वेळ जास्त लागली तर निराश होऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ जातो वाकडं पोहण्यात. १५०० चे १६०० कधी होतात ते कळतही नाही. बोया (मार्ग दाखवायला पाण्यावर सोडलेली तरंगती खूण) पाहायची पद्धत अशी: पुढचा हात पाणी पकडायला लागतो त्या क्षणी फक्त डोळे पाण्याबाहेर काढा, नाक पाण्यातच. बघितलं की डोकं खाली नेत नेहमीसारखं बाजूला फिरवून श्वास. समोर पाहताना श्वास घ्यायचा नाही, घेतलात तर डोकं जास्त वर येतं आणि कमरेचं सगळं कमावलेलं जातं. दर ६-८ हातांनी पाहा, सरळ जाताय अशी खात्री पटली की १०-१२. बोया लाटांत दिसत नाही, म्हणून निघण्याआधी काठावरून त्याच्या मागची मोठी खूण ठरवून ठेवा. झाड, इमारत, टेकडी, काहीही. बोया नाही दिसला तर खूण दिसते. नुसतं पाणी दिसलं तर थांबू नका, पुढच्या वेळी दिसेल.

पुलात याचा सराव होतो. रिकाम्या लेनमध्ये डोळे मिटून आठ हात मारा आणि उघडून पाहा, कुठल्या बाजूला सरकलात ते. तुमचा उजवा हात रेष ओलांडतो, तेव्हा कुठल्यातरी एका बाजूला ठरलेली ओढ असणारच. ती सुटवण्याचं काम सांधाजोड यांनी सांगितलेलंच, पण स्पर्धेत ती आधी माहीत असली की बरं. घड्याळवाल्यांच्या तिसऱ्या सत्रातल्या मधल्या ४०० मध्ये दर लेंथला दोनदा डोळे वर काढा.

सुरुवातीच्या गर्दीत मध्ये घुसू नका. कडेला किंवा मागे उभे राहा, दहा सेकंद जातील, लाथा चुकतील. उतरण्याआधी पाण्यात पाच-दहा मिनिटं हात हलवून घ्या. ते शक्य नसेल तर रबरी पट्ट्याने खांदे गरम करा आणि चेहऱ्यावर, मानेवर पाणी मारा. थंड पाण्याचा पहिला झटका श्वास अडवतो. छाती आवळल्यासारखी वाटली तर पाठीवर वळा, हळू पाय मारत लांब श्वास सोडा. सुरक्षेच्या होडीला धरून थांबणं सहसा नियमात बसतं, ती धरून पुढे सरकायचं नसतं इतकंच. छातीत खरंच दुखत असेल तर हात वर करून मदत मागा आणि बाहेर या, त्यात वेळेचा विचार नाही.

दुसऱ्याच्या मागे पोहणं पोहण्याच्या टप्प्यात चालतं. पुढच्याच्या पावलांमागे अर्धा मीटर, त्याचे बुडबुडे दिसतील इतपत. पायांना सारखे हात लावू नका, कुणीही चिडेल. आणि बोया स्वतः पाहत राहा, पुढचा भरकटला तर तुम्हीही भरकटाल.

सरावाला खुल्या पाण्यात एकट्याने जाऊ नका. भडक रंगाची टोपी आणि कमरेला बांधायचा तरंगता फुगा घ्या. फुग्याने वेगाला काही होत नाही.

---

धापाधाप:

वेटसूटचं राहिलं. आणि पाण्यातून उठल्यावर भोवळ आल्यासारखं होतं, सायकलपर्यंत नीट पळता येत नाही.

---

बोयाकडे:

वेटसूट पाय वर आणतो हे खरं, पण पाणी ठरलेल्या तापमानाच्या वर गेलं की तो चालत नाही, आणि तो निर्णय स्पर्धेच्या अगदी तोंडावर होतो. मर्यादा अंतरानुसार आणि आयोजकांनुसार बदलते, तुमच्या स्पर्धेचे नियम वाचा. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांत जाडीही ५ मिलिमीटरपर्यंतच चालते. सूटच्या भरवशावर पाय सोडून दिले आणि त्या सकाळी बंदी आली तर ४३ मिनिटं पुन्हा समोर उभी राहतील.

घालायला मिळाला तर तो स्पर्धेआधी किमान तीन-चारदा खुल्या पाण्यात वापरा. घालताना पायांपासून वर सरकवत आणा, काखेत आणि खांद्यांवर कापड सैल राहिलं पाहिजे. काखेत ताण असेल तर दर हाताला रबर ओढावं लागतं आणि पाचशे मीटरमध्ये खांदे भरून येतात. मानेला घर्षण थांबवणारं मलम लावा, पेट्रोलियम जेली नको, ती रबराला बाधते. मलमाचा हात गॉगलच्या काचेला लागू देऊ नका. गॉगलचा पट्टा दोन टोप्यांच्या मध्ये ठेवला तर लाथ बसूनही निघत नाही.

भोवळीचं कारण साधं आहे. बराच वेळ आडवे असता, रक्त हातांत फिरत असतं, आणि एकदम उभे राहता. शेवटची शंभरेक मीटर पाय जरा जास्त मारा, वेगासाठी नाही, मांड्यांत रक्त यावं म्हणून. काठाजवळ गुडघाभर पाण्यात उठून चालू नका, हात मारताना बोटं तळाला लागेपर्यंत पोहत राहा. मग उठा, पहिली आठ-दहा पावलं चाला, चालता चालता गॉगल कपाळावर आणि सूटची चेन खाली, आणि मग पळा. सूट कमरेपर्यंत ओला असतानाच उतरवा, वाळला की अंगाला चिकटतो.